आमच्या घराला शोभेलशी बंदूक

बंदूक घ्यायची हे मी ठरवलं मंगळवारी दुपारी पावणेतीनला, सोफ्यावरून उठता उठता.

मला कुणी उठवलं नसतं तर ठरवलंही नसतं. सर्दी झाली म्हणून मी ऑफिसातून रजा घेतली होती. (काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, ऑफिसात मी गाड्यांच्या नंबरप्लेटा देतो. मी नसलो की रांग लवकर संपते, असं लोक म्हणतात.) गॅरेजचं दार मीच उघडं टाकलं होतं. तिथून एक अनोळखी माणूस आत शिरला, पाला उडवायचं आमचं मशीन त्याने बगलेत मारलं आणि तसाच स्वयंपाकघरात आला. तिथे माझी बायको जनेल अक्रोडासारखे पिकान सोलत बसली होती.

"डेव्हचं घर हेच ना?" त्याने विचारलं.

"नाही. आणि ते मशीन खाली ठेव."

त्याने ठेवलं. "सॉरी, मॅडम," म्हणाला आणि गेला.

हे सगळं घडलं माझ्यापासून दहा फुटांवर. जनेलने शेरीफच्या ऑफिसला फोन लावला, आणि माझ्या घोरण्यापुढे तिला पलीकडचं काही ऐकू येईना, म्हणून मला उठवलं.

"घरात बंदूक पाहिजे," मी डोळे चोळत म्हणालो.

"तुला तुझा चष्मा सापडत नाही," जनेल म्हणाली. पण गॅरेजच्या दाराची कडी तिने दोनदा तपासली. तिने पिकानची वाटी उचलली आणि उगाचच दुसरीकडे ठेवली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, जनेलला असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा मात्र मी मनापासून ठरवलं.

आमच्या ओक्लाहोमात बंदूक घेणं कठीण नाही. कठीण आहे ते बर्नडीन हॅचकडून घेणं. दाताच्या डॉक्टरशेजारी तिचं दुकान आहे. त्याआधी एकतीस वर्षं ती शाळेत शिकवायची. तिसरीत मी तिच्याच वर्गात होतो.

"सरळ उभा राहा, लाइल. काय हवंय?"

"घराच्या रक्षणासाठी काहीतरी. मोठं. समोरच्याला नुसतं बघून घाम फुटला पाहिजे."

तिने एक रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं असल्याची दोनदा खात्री केली आणि माझ्या हातात दिलं. घाम फुटला. मला.

"बोट," बर्नडीन म्हणाली.

"काय?"

"बोट चापावर आहे. काढ."

मी काढलं. पुढच्या पाच मिनिटांत ती 'बोट' हा शब्द अकरा वेळा म्हणाली. बोट माझंच होतं, पण ते माझं ऐकत नव्हतं. मग तिने रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि माझ्यापुढे कागद-पेन्सिल सरकवली.

"घराचा नकाशा काढ."

मी काढला. तिने चष्म्यावरून पाहिला. "बाथरूम कुठाय?"

बाथरूम राहूनच गेलं होतं. मी ते अंगणात काढलं, कारण आत जागा उरली नव्हती.

"सासूबाई कुठे झोपतात?"

"या भिंतीपलीकडे."

"भिंत कसली आहे?"

"भिंतीसारखीच आहे."

"पुठ्ठ्याची आहे रे. तू इथून गोळी झाडलीस तर भिंत तिला अडवणार नाही. तुझी सासू ओपल तिथे पलंगावर आहे. मग काय होईल?"

"पलीकडे त्यांचं कपाट आहे," मी म्हणालो. "त्यात अडकेल."

बर्नडीनने पेन्सिल खाली ठेवली. "मी ओपलबद्दल विचारत होते, लाइल."

तिने मला काहीही विकलं नाही. उलट गृहपाठ दिला. घरात चोर शिरला तर सगळ्यांनी बेडरूममध्ये जमायचं, दार लावायचं, फोन करायचा. बंदूक सगळ्यात शेवटी. शनिवारी याची रिकाम्या हातांनी तालीम करायची आणि मग दुकानात यायचं.

चोर कोण व्हायचं हा प्रश्नच आला नाही. "मी," सासूबाई म्हणाल्या. "सत्याहत्तर वर्षं सभ्य बाई म्हणून काढली. एक सकाळ मला मजा करू द्या."

शनिवारी अकरा वाजता त्या कामाला लागल्या. अंगात सासऱ्यांचं शिकारीचं जाकीट, तोंडावर पायमोजा. दार उघडं होतं, पण दारातून येणारा चोर त्यांना पटेना. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली खुर्ची लावली.

मी बेडरूममध्ये तयार होतो. (बर्नडीनने रिकाम्या हातांनी सांगितलं होतं, पण रिकाम्या हातांनी मला काही सुचेना, म्हणून बाथरूमच्या फटी बुजवायची सिलिकॉनची पिचकारी घेतली होती. तिलाही चाप असतो.) जनेल शेजारी खोटा फोन कानाला लावून उभी होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरात धडाम आवाज झाला आणि ताटल्या फुटल्या.

"आई सिंकमध्ये पडली!" म्हणत जनेल धावली.

मीही निघालो होतो. खरंच निघालो होतो. पण तेवढ्यात पुढच्या दाराकडून एका पुरुषाचा आवाज आला, "हात वर! कुणी हलायचं नाही!"

तालमीत पुरुष नव्हता. म्हणजे हा खरा चोर होता. घरात खरा चोर, स्वयंपाकघरात बायको, सिंकमध्ये सासू. अशा वेळी आपण काय करू, याची कल्पना मी मंगळवारपासून बरीच रंगवली होती. प्रत्यक्षात मी कपाटात शिरलो आणि आतून दार ओढून घेतलं. पुढचा विचार करायला जरा शांतता हवी होती.

तो चोर नव्हता. समोरच्या घरातल्या बाईंनी तोंड झाकलेला कुणीतरी आमच्या खिडकीतून आत शिरताना पाहिला आणि शेरीफला कळवलं. डेप्युटी रॉइस दोन गल्ल्या पलीकडेच होता. सासूबाई सिंकमधून त्याला म्हणाल्या, "पकडलंस बाबा. आता मला उचल."

रॉइसने त्यांना उचललं आणि घरात आणखी कोण आहे म्हणून खोल्या पाहायला लागला. कपाटाचं दार त्याने झटकन उघडलं. हँगरला लावलेल्या कोटांमधून माझी पिचकारी बाहेर आली, बोट चापावर.

रॉइसचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला.

"रॉइस, नको!" जनेल मध्ये शिरली. तिने त्याचा हात धरला. "तो माझा नवरा आहे! ते बाथरूमचं सिलिकॉन आहे!"

कुणीच हललं नाही. फक्त माझं बोट हललं. पांढरं सिलिकॉन टूथपेस्टसारखं सावकाश बाहेर आलं, जरा वेळ लोंबलं आणि रॉइसच्या बुटावर पडलं.

मी तिथेच चपलांवर बसलो. हातात खरी वस्तू असती, तर समोर होते रॉइस आणि जनेल. पलीकडे सासूबाईंची भिंत. पिचकारी मी जनेलच्या हातात दिली.

"मी तुला सोडून कपाटात बसलो," मी म्हणालो.

ती माझ्याजवळ चपलांवर बसली. "दार आतून नीट लावलं होतंस," ती म्हणाली. "गृहपाठात तेवढं तरी जमलं."

सोमवारी मी बर्नडीनला सगळं खरं सांगितलं, तिसरीत कधी सांगितलं नव्हतं इतकं खरं. तिने ऐकून घेतलं आणि जनेलला बोलावलं. जनेल महिनाभर तिच्याकडे शिकली. मग एक साधी शॉटगन आली आणि ती ठेवायला भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी. तिजोरीचा आकडा दोघींना माहीत आहे: जनेलला आणि सासूबाईंना. मला विचारायचं नाही, असं माझ्या सांगण्यावरूनच ठरलं आहे.

माझी याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच आठवड्यातल्या गुरुवारी निघालेल्या आमच्या गावाच्या साप्ताहिकाबद्दल. त्यात शेरीफच्या ऑफिसकडून आलेल्या बातम्या छापतात. आमची तिसरी होती, हरवलेल्या गायीच्या बातमीखाली:

'शनिवारी सकाळी घरफोडीची तक्रार. तपासात काहीही चोरीला गेल्याचं आढळलं नाही. कपाटात एक नवरा सापडला. पत्नीने ओळख पटवून ताब्यात घेतला.'