पोटपट्टीचं प्रकरण

"गुन्हेगार कितीही बेरकी असो, माझ्या नाकापुढून तो सुटत नाही. सुटला तरी वास मागं ठेवून जातो," असं धुळाप्पा कोणत्याही नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत असे. उरलेली भेट मग नाकाबद्दलच होई. उमेदीची वर्षं त्यानं जकात नाक्यावर काढली होती, आणि बंद पोत्यात गूळ आहे की हळद, हे आपण दुरूनच सांगत होतो असा त्याचा दावा होता. पोत्यावर तसं लिहिलेलं असे, असं नाक्यावरचे लोक म्हणत. आता तो माळावरच्या सहकारी साखर कारखान्याचं फाटक सांभाळत होता आणि स्वतःला 'मराठवाड्यातील एकमेव खाजगी गुप्तहेर' म्हणवून घेत होता. ही गोष्ट गुप्त राहावी म्हणून त्यानं तशी पाटी अणदूरच्या एसटी स्टँडवर लावली होती.

त्याचा सहायक रामलिंग हा कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून. सहायक व्हायला आपण कधी होकार दिला, हे रामलिंगला आठवत नव्हतं; पण धुळाप्पाच्या भिंतीला भिंत लागून घर असलं की माणसाचं असं काहीतरी होतंच. या वेळी मात्र तो आपण होऊन धुळाप्पाकडे आला होता, कारण प्रश्न चांगुणाआक्काचा होता.

चांगुणाआक्का त्याची थोरली बहीण. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेल्यावर तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि त्या मजुरीवर रामलिंगला मॅट्रिक केलं. पुढं कारखाना उभा राहिला तेव्हा तिला कँटीन मिळालं. आता तेच जायची वेळ आली होती, आणि जायचं तर जायचं, वर चोरीचा ठपका घेऊन जायचं होतं.

त्याचं असं झालं. कारखान्याचे अध्यक्ष आण्णासाहेब सोलापूरला डॉक्टरकडे गेले. सहकार त्यांच्या रक्तात होता. साखरही आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि वजन उतरवा म्हणाले. एकट्यानं उपाशी राहण्यापेक्षा सगळ्यांना सोबत घ्यावं, असं परतीच्या वाटेत आण्णासाहेबांच्या मनानं घेतलं. ऑफिसातली मंडळी तशीही खुर्चीच्या बाहेर येऊ लागली होती. ठराव झाला. घरपट्टी असते, पाणीपट्टी असते, तशी कँटीनमधल्या जिलबी, भजी आणि बालूशाहीवर 'पोटपट्टी' बसली. जमलेल्या पट्टीतून भाकरी, पालेभाजी आणि ताक स्वस्त झालं. कँटीनच्या दारावर पाटी लागली: 'सवलतीची भाकरी. कोटा: प्रत्येकी रोज चार.' साखर कारखान्यानंच गोडावर पट्टी बसवली म्हटल्यावर ढोकीच्या कारखान्याकडची माणसं मुद्दाम बघायला येऊन गेली.

दर सोमवारी गोदामातल्या पोत्यांच्या काट्यावर सगळ्यांची वजनं होऊ लागली. जिलबीची कढई पालथी पडली, भज्यांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि वजनं चढू लागली. हिशेबनीस बसवराज एवढा किडकिडीत माणूस, पण तो काट्यावर उभा राहिला की आता हमाल त्याला साखरेच्या पोत्यांच्या ओळीत ढकलू बघत.

"ती बाई पट्टी बुडवून मागच्या दारानं जिलबी विकती," आण्णासाहेबांनी निकाल दिला. "सोमवारच्या बैठकीत कँटीन काढून घेऊ. तवर कुणाला काय सापडलं तर सांगा."

"सापडणारच," धुळाप्पा रामलिंगला म्हणाला. तपास करताना तो पुस्तकी मराठी बोलत असे. "जिलबी ही वस्तू वेटोळी आहे. म्हणून तिची वाटही वेटोळी असणार."

पहिला संशय उसावर गेला. जिलब्या उसाच्या मोळीत लपवून आत येतात, असं ठरवून त्यानं एका गाडीवानाची अख्खी गाडी रिकामी केली. आत ऊस निघाला. गाडीवानानं ती गाडी त्याच्याकडूनच परत भरून घेतली.

दुसरा संशय हवेवर गेला. "इथल्या हवेतच साखर आहे. माणसं श्वासातून गोड खात आहेत."

"मग गोदामातले हमाल का वाळलेले?" रामलिंगनं विचारलं.

"ते श्वास सोडतात जास्त."

तिसऱ्या दिवशी तो ऊसतोडीच्या मुकादमाचा वेष घेऊन ऑफिसात हिंडला. फेटा, मिशी, खांद्यावर घोंगडी. भेटेल तो म्हणाला, "रामराम धुळाप्पा, आज फाटक उघडंच टाकलंय व्हय?" पण त्या फेरीत त्याला बसवराजच्या टेबलाखाली, 'गोपनीय' लिहिलेल्या फायलीमागं, पितळी डबा सापडला. त्यानं तो उघडून आत नाक घातलं.

"रिकामा," तो कुजबुजला. "पुरावा नष्ट करण्यात आला आहे."

"घरचा डबा हाय वो त्यो. दुपारी खाल्ला असंल."

"गुन्हेगार असंच म्हणतो, रामलिंग."

कँटीनवर नजर ठेवायला म्हणून धुळाप्पा रोज दुपारी तिथंच बसे, आणि संशय येऊ नये म्हणून जेवत असे. चांगुणाआक्का वाढताना त्याच्याकडे बघतही नव्हती. संध्याकाळी रामलिंग मागच्या पडवीत गेला तेव्हा ती पातेली घासत होती.

"लोकं मला चोर म्हणत्यात, आन् माझ्याच हातचं खात्यात," ती म्हणाली. "खडी फोडली तवा हात फुटलं, पण कुणी चोर म्हणलं न्हाय रं."

रामलिंग खाली बसून पातेली विसळू लागला. त्याला रडू येत होतं आणि धुळाप्पाचा राग येत होता, आणि त्याच्याशिवाय दुसरा गुप्तहेर तालुक्यात नव्हता.

रविवारी तो धुळाप्पाच्या घरी जाऊन बसला. धुळाप्पा जेवायला बसला होता आणि चौथी शक्यता मांडत होता. जिलबीचा पाक नळातून येतो, असा तिचा सारांश होता. त्याची बायको शिवकांता वाढता वाढता थांबली. पट्ट्याचं शेवटचं भोकही पुरेना म्हणून नवऱ्यानं कंबरेला सुतळी बांधली होती, तिकडं ती बघत होती.

"आवो, दुपारी कँटीनात जेवता तुमी?"

"तपासासाठी. चार भाकऱ्या."

"आन् म्या दिलेला डबा?"

"त्यो बी खातो. परत आणला तर तू बोलशील."

"मग कँटीनात कशाला खाता?"

धुळाप्पाला हा प्रश्नच बावळट वाटला. "आगं, कोटा हाय न्हवं का? उचलला न्हाय तर बुडतो की."

शिवकांतानं रामलिंगकडे बघितलं. "भावजी, सगळी असंच करत्यात का वो?"

रामलिंगला बसवराजचा पितळी डबा आठवला, आणि डोळ्यापुढं एकदम दुष्काळातलं रेशन दुकान उभं राहिलं. परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीसाठी लागलेली रांग, आणि रांगेत त्याला धरून उभी असलेली आक्का. आठवड्याचा कोटा उचलला नाही तर बुडायचा. वर दुकानदार म्हणायचा, तुम्हाला गरज दिसत नाही, पुढच्या खेपेला कमी देतो. भूक असो नसो, पिशवी असो नसो, कोटा उचलायचा. दुष्काळ सरून इतकी वर्षं झाली, पण 'कोटा' शब्द दिसला की या मुलखातल्या माणसाचा हात आपोआप पुढं येत होता. त्याला हसू फुटलं.

"म्हंजे चोर कोण?" धुळाप्पानं विचारलं.

"जेवा गप," शिवकांता म्हणाली. "का हितं बी कोटा हाय?"

सोमवारी बैठकीत धुळाप्पा छाती काढून उभा राहिला. छातीच्या आधी पोट पोचलं. "या प्रकरणात मी स्वतःचा देह पणाला लावला," तो म्हणाला. "हा घ्या पुरावा," आणि त्यानं सुतळी दाखवली. पुढचं रामलिंगला सांगावं लागलं.

आण्णासाहेबांनी बसवराजला बोलावलं. "घरचा डबा खाऊन वर चार भाकऱ्या खाता?"

"बुडंल की साहेब. उद्या कमी केला तर?"

आण्णासाहेबांनी टेबलाची काच रुमालानं पुसली. मग हळूच म्हणाले, "आमी बी उचलतोय रोज. म्हणलं, अध्यक्षानंच सोडला तर लोकांचा कोट्यावरचा इस्वास उडंल."

पाटीवरचा कोटा त्याच दुपारी पुसला गेला. 'सवलतीची भाकरी. लागेल तेवढी, रोज,' असं नव्यानं लिहिलं गेलं. लागेल तेवढी म्हटल्यावर फारशी कुणाला लागेना. डबेवाले डबा खाऊन नुसतं ताक पिऊन उठले.

आण्णासाहेब स्वतः कँटीनमध्ये आले, सगळ्या बाकांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चांगुणाबाई, कँटीन तुमच्याकडंच राहील."

ती भाकरी थापायची थांबली नाही. "राहील ते राहील. मला चोर म्हणलात त्याचं काय?"

कुणी घास घेईना. धुळाप्पानं सुद्धा नाक खाली घातलं.

"पोटाला पट्टी बसवलीत, आण्णासाहेब," ती म्हणाली. "आता एक तोंडाला बी बसवा. न बघता बोलंल त्याला."

आण्णासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, हात जोडले आणि म्हणाले, "पहिली पट्टी माझ्याकडनं घ्या, बाई. चुकलो."

आक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. तिचे डोळे भरले होते, आणि चुलीला धूर नव्हता.

"बसा," ती म्हणाली. "किती वाढू?"