चारशे अठ्ठावीस जादा पानं

वाचनालय पुस्तकांवर चालत नाही, पानांच्या हिशेबावर चालतं. चारकोपचे ग्रंथपाल शिवदास यांनी हे तत्त्व बावीस वर्षं पाळलं. पुस्तक परत आलं की शेवटच्या पानाचा आकडा नोंदवहीशी ताडायचा. (मधली पानं गेली तरी चालतात. ती नोंदवहीत नसतात.)

यंदा वाचनालयात सहा ई-रीडर आले. शिवदासांनी सहाही यंत्रांना खाकी कव्हर घातलं, पाठीवर शिक्का मारला आणि पानं नोंदवली.

पहिलं यंत्र सोनूबाईंनी नेलं. बाईंनी जन्मभर मासळी विकली, साठी उलटल्यावर त्या अक्षरं शिकल्या आणि आता कुठे वाचनाची चटक लागली, तर डोळ्यांनी दगा दिला. यंत्रात अक्षर मोठं करता येतं म्हटल्यावर त्यांनी पंधरा दिवसांत अख्खी कादंबरी संपवली. शिवदासांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी आकडा पाहिला. नेताना २१२ पानं होती, परत आली ६४०. आता बोला.

"मावशी, ही जादा पानं कुठनं आणलीत?"

"मी कशाला आणू? अक्षर मोठं केलं, पानं वाढली."

"कमी भरली असती तर नियम आहे हो. जास्तीला नाही."

"मग ठेव तुलाच. मला दुसरी गोष्ट दे."

मागणी वाजवी होती. शिवदासांना वाईटही वाटलं, पण वाईट वाटण्याचा रकाना नोंदवहीत नाही. समिती बसली. वाढीव पानं कोणाच्या मालकीची, यावर अध्यक्ष विद्याधर दोन तास बोलले. शेवटी ठरलं, की सर्व यंत्रांतलं अक्षर नोंदीच्या वेळच्या बारीक आकारावर कायमचं पक्कं करावं. (आकार बदलून हवा असल्यास लेखी अर्ज करावा. अर्जाचा नमुना यंत्रातच आहे.)

सोनूबाईंनी नवं यंत्र नाकाशी धरलं, लांब धरलं, उजेडात नेलं. मग टेबलावर ठेवलं.

"तुला दिसतंय का रे यातलं?"

"दिसतंय," शिवदास म्हणाले. ते खोटं बोलत नाहीत.

"मग तूच वाच," म्हणून बाई गेल्या. त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून एकही पान वाढलेलं नाही, त्यामुळे योजना यशस्वी ठरली आहे.

वार्षिक सभेत ठरावाची त्याच बारीक अक्षरातली छापील प्रत सर्वांना वाटली. ज्यांना ती वाचता आली त्यांनी हात वर केले, बाकीच्यांना विषयच कळला नाही. आपणही इथवर विनातक्रार वाचत आला आहात. तेव्हा आपलाही हात वर धरून ठराव एकमताने मंजूर, अशी नोंद केली आहे.