दोन पक्ष, चार मजले आणि मनोरमाबाईंची खुर्ची

गुणवंत सामंतांना अमेरिकेतल्या पक्षांचा इतिहास जेवढा पाठ होता, तेवढी स्वतःच्या मेव्हण्यांची नावंही पाठ नव्हती. दोष त्यांचा नाही. "बाबा, इथे चारचौघांत बसायचं तर दोन्ही पार्ट्या माहीत हव्यात," असं त्यांची लेक समिधा न्यू जर्सीहून सहज बोलून गेली. पोस्टातून रिटायर झालेल्या माणसाला सहज असं काही नसतं. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ लावले ते थेट पहिल्या राष्ट्राध्यक्षापासून, वॉशिंग्टनपासून.

व्हिसा आला, बॅगा आल्या, लेकीसाठी मेतकूटही झालं. अडकलं होतं ते मनोरमाबाईंच्या गुडघ्यांत. शांती नगरातली ती जुनी बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, आणि सामंत चौथ्यावर. मनोरमाबाई गणपतीनंतर खाली उतरल्याच नव्हत्या. न्यू जर्सी लांब नव्हतं हो. कंपाउंड लांब होतं.

लिफ्टचा विषय दरवर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये निघे आणि समोशाबरोबर संपे. सेक्रेटरी परेशभाई तळमजल्यावर राहायचे आणि दर निवडणुकीत बिनविरोध यायचे.

"लिफ्टनुं मारे सूं काम? मी काय जमिनीच्या खाली जाऊ?" ते विचारत. "आणि पार्टीबाजी नको हां. अपनी सोसायटी एक फॅमिली आहे."

"अगदी हेच वॉशिंग्टन पद सोडताना बोलला होता!" गुणवंतराव उठून उभेच राहिले. "पक्षांपासून सांभाळा म्हणाला. पण त्याच्याच मंत्रिमंडळात हॅमिल्टन आणि जेफरसन एकमेकांचं तोंड बघत नव्हते. पक्ष पडणारच, परेशभाई! पक्ष पडले की चुरस, चुरस आली की कामं."

वॉशिंग्टन कुठल्या विंगमध्ये राहतो, असं सभेत कुणीतरी विचारलं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या उर्मिलाताईंनी कान टवकारले. त्या रात्रीचं वरण गॅसवर तसंच ठेवून त्या सामंतांकडे आल्या.

"काका, लिफ्ट सोडून माझ्याकडे दुसरा मुद्दाच नाहीये. एका मुद्द्यावर पार्टी निघते?"

"निघते? अहो, रिपब्लिकन पार्टी अठराशे चोपन्नमध्ये निघाली ती एकाच मुद्द्यावर. नव्या मुलखात गुलामगिरी नको! सहा वर्षांत लिंकन राष्ट्राध्यक्ष. तुम्ही तर तिसऱ्या मजल्यावर आहात, अर्ध्याच्या वर पोचलेल्याच आहात."

झालं. 'वरचा पक्ष' निघाला. तो निघाला म्हणून 'खालचा पक्ष' निघाला. व्हॉट्सअॅपचे ग्रुप दोन झाले. बिल्डिंगमधली कबुतरंसुद्धा आपापला मजला बघून बसू लागली, असं वॉचमन अजून शपथेवर सांगतो.

आता इतिहास एकाच बाजूला सांगून गप्प बसतील तर ते गुणवंतराव कसले? परेशभाई चहाला आले तर त्यांनाही प्याल्याबरोबर एक शतक दिलं.

"गंमत ऐका. दक्षिणेतले गुलामवाले जमीनदार कुठल्या पक्षात होते? डेमोक्रॅट. आणि शंभर वर्षांनी काळ्यांच्या समान हक्कांच्या कायद्यावर सही कुणी केली? डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षानं. मग दक्षिणेतले गोरे हळूहळू उठून रिपब्लिकनांकडे गेले. पाट्या त्याच, आतली बिऱ्हाडं बदलली!"

परेशभाईंची बशी हवेतच राहिली. "मतलब पार्टी चेंज नाय करायची, मुद्दा चेंज करायचा? सामंतसाहेब, ये तो तुमने बहोत काम की बात बोली."

दुसऱ्या दिवशी खालच्या पक्षानं जाहीर केलं, की निवडून आलो तर लिफ्ट देऊ. वरचे दोन मजले हलले. उर्मिलाताई घाबरल्या. वरची मतं चालली, म्हणजे खालची आणायला हवीत. त्या तळमजल्यावर घरोघर गेल्या. एका घरी सांगितलं, तुमच्या खिडकीसमोर लिफ्ट येणार नाही. दुसऱ्या घरी सांगितलं, तुमच्याकडून वर्गणी घेणार नाही. तिसऱ्या घरी कैरीचं पन्हं फार छान होतं, तिथे त्या बोलून गेल्या, "खरं सांगू का, जिना चढणं तब्येतीला चांगलंच असतं."

आठवड्याभरात वरचा पक्ष लिफ्टच्या विरोधात उभा होता आणि खालचा पक्ष "लिफ्ट आमचा हक्क" म्हणून जिन्यात पोस्टर लावत होता.

"अगं, अमेरिकेला याला शंभर वर्षं लागली!" गुणवंतराव कपाळाला हात लावून बायकोला म्हणाले. "इथे आठ दिवसांत उरकलं."

"तुम्ही मत कुणाला देणार?" मनोरमाबाईंनी मेथी निवडत विचारलं.

गुणवंतरावांना मतच नव्हतं. नोंदणीच्या वेळी बाईच्या नावावर सवलत मिळते म्हणून फ्लॅट मनोरमाबाईंच्या नावावर घेतला होता. सभासद त्या एकट्या. आणि दोन्ही पक्षांनी बोटांवर मोजलं, तर मतं अगदी समसमान. मधे उरली फक्त चौथ्या मजल्यावरची ती एक बाई.

त्या संध्याकाळी दारात दोन्ही पक्ष एकदमच उभे.

"काकू, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं!"

"हो ना. पण मला काय कळतंय त्यातलं?" मनोरमाबाई म्हणाल्या. "तुमची भाषणं खाली होतात. ती ऐकली असती तर ठरवलं असतं हो. जिना उतरवत नाही ना पण."

पाच मिनिटांत प्लॅस्टिकची खुर्ची आली. पुढे परेशभाई आणि त्यांचा पुतण्या अल्पेश, मागे उर्मिलाताई आणि त्यांचे यजमान यतीन. कोणताच पक्ष दुसऱ्याच्या हाती एवढं मत एकटं सोडायला तयार नव्हता. वळणावळणावर "थोडा तिरछा लो", "काकू, हात आत घ्या" करत वरात खाली पोचली. चौकच्या कोळीवाड्यातून मासे विकायला येणारी लक्ष्मी जिन्यात टोपली घेऊन भिंतीला चिकटून उभी राहिली.

"काकी, मी टोपली घेऊन रोज चार मजले चढतंय, मना कोन खुर्ची देत न्हाय!"

"तुला मत नाही गं बाई," मनोरमाबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या.

खाली त्यांनी मोकळ्या हवेत भाषणं ऐकली, पेरू खाल्ला, शेजारच्या बिल्डिंगमधल्या तीन मैत्रिणींची चौकशी केली आणि शेवटी म्हणाल्या, "दोघांचंही पटतंय. उद्या परत ऐकते."

उद्या झालं, परवा झालं. त्यांना शंका फार. लिफ्टचा दरवाजा कसा असेल? वीज गेली तर? अमेरिकेत काय करतात? गुणवंतराव उत्तरं देत आणि सभा लांबे. परेशभाईंची कंबर धरली. यतीनचा खांदा निखळता निखळता राहिला. उर्मिलाताईंच्या नव्या चपलेचा अंगठा दुसऱ्या मजल्यावर तुटला. खुर्ची उतरवताना निदान खाली पोचण्याची आशा असते. वर चढवताना ज्या शिव्या जिन्यात घुमत, त्या तीन भाषांत होत्या आणि दोन्ही पक्षांच्या होत्या.

शनिवारी तिसऱ्या मजल्यावर खुर्ची टेकवून चौघंही पायऱ्यांवर बसले.

"उर्मिलाबेन," परेशभाई धापा टाकत म्हणाले, "आपल्याला निवडणूक पायजेच काय?"

"मी पण तेच म्हणतेय, परेशभाई. लिफ्ट लावून टाका ना एकदाची!"

रविवारी दोन्ही पक्ष विसर्जित झाले. एकच समिती बिनविरोध आली, लिफ्टचा ठराव एकमतानं झाला. टाळ्या एवढ्या वाजल्या, की कबुतरं पुन्हा वाटेल त्या मजल्यावर बसू लागली. समोसे संपले, तसे सगळे आपापल्या घरी गेले.

सोमवारी संध्याकाळी मनोरमाबाई पावडर लावून, गजरा माळून दारात बसल्या. पाच वाजले, सहा वाजले. जिन्यात कुणाची चाहूल नाही. गुणवंतराव गॅलरीतून डोकावून आले.

"कोणी येत नाहीये गं. ठराव झाला ना, आता मताला कोण विचारतंय? आणि लिफ्ट बसायला वर्ष तरी जाईल म्हणे."

मनोरमाबाईंनी गजरा नीट केला.

"गच्चीवर सोलर लावायचं की नाही, यावर कुणाचं भांडण आहे का हो?"

"नाही. अजून तरी नाही."

"मग परेशभाईंना चहाला बोलवा," त्या म्हणाल्या. "आणि पाठोपाठ उर्मिलाला. तुमचा इतिहास कुठवर आला होता?"