हुजुरांना विचारून विकलेला कापूस

कापूस विकण्याआधी कित्येक पिढ्यांमागे मेलेल्या राजाची परवानगी घेणारा माणूस अमरावतीच्या बाजारात एकच होता, बापूजी देशमुख.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. मी अडतीच्या दुकानात गुमास्ता. माझी रीत ठरलेली: आधी भाव, मग गाड्या, मग वजन, सगळं आटोपल्यावर जेवण. या रीतीत बापूजी कुठेच बसत नसत. भाव चढला की मी धावत त्यांच्या ओसरीवर जाई.

"बापूजी, विकून टाका!"

"थांबा ना बाप्पा. हुजुरांले पुसतो."

हुजूर म्हणजे भिंतीला उभ्या टेकवलेल्या पाटावर डकवलेल्या पिवळ्या फारसी कागदावरचा शिक्का. कागद चांदूर बाजारकडच्या इनामी शेताची सनद. तिच्यावर शिक्के दोन. वजिराचा भाकरीएवढा, ठसठशीत. राजाचा सुपारीएवढा, तिरपा. राजा पोरवयाचा होता. वजिराने त्याला नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडलं आणि वऱ्हाडचं राज्य स्वतः चालवलं.

बापूजी वजिराकडे ढुंकूनही पाहत नसत. तिरप्या शिक्क्याला मुजरा करायचा आणि देवाला कौल लावावा तसे पाटावर दोन्ही बाजूंना ज्वारीचे ओले दाणे चिकटवायचे. उजवा आधी पडला तर विकायचं, डावा पडला तर नाही. दाणे वाळेपर्यंत भाव उतरलेला असे!

"हुजुरांना कापसातलं काय कळतं?" मी एकदा वैतागलो.

"काईच नाई कळत. पन कोनी पुसलं काय त्याईले कधी?"

पुढे सरकारची इनाम चौकशी आली. ओळखीच्या कारकुनाने आदल्या दिवशी समजावलं, "वजीरच खरा राजा होता म्हणा. शेताची सारामाफी कायम राहील."

चौकशीच्या साहेबाने विचारलं, "त्या वेळी राजा कोण?"

"पोरगा," बापूजी म्हणाले. "वजीर त्याचा चाकर. पोराचा हात धरून शिक्का उठवला त्यानं. तिरपा आला, पाहा ना."

बळजबरीची सनद, म्हणून रद्द. माफी गेली, शेतावर पुरा सारा बसला. केव्हाच्या मेलेल्या पोरासाठी या माणसाने हातातलं इनाम सोडलं!

परतताना दमणीत मी विचारलं, "का हो असं केलंत?"

ते बैलांच्या शिंगांकडे पाहत राहिले. "माहा बाप गेला तवा मी लहान होतो. देशमुखी माह्या नावची. काका माहा हात धरे अन् कागदावर शिक्का उठवे. मनगट दुखे. त्या कागदाईवर काय होतं, मले अजून ठावूक नाई."

दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा चढला. मी ओसरीवर पोहोचलो तेव्हा बापूजी दाणे भिजवत होते. 'विकून टाका' ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

"बापूजी, भाव चढलाय. तुमच्या मनात काय आहे?"

ओला दाणा त्यांच्या बोटांतच राहिला.

"मले पुसून राहिले?"