येडबाच्या जिभेचा निकाल

बियर प्यायची असं येडबानं ठरवलंच नव्हतं. त्यानं फक्त भाच्याला खोटं पाडायचं ठरवलं होतं, आणि तेवढ्यासाठी प्यावी लागली.

भाचा भागवत पुण्यात हॉटेलात कामाला. ताडकळसला मामाकडं आला तो पिशवीत बियरचे चार डबे घेऊन. म्हणाला, आता बियर हंगामाप्रमाणं निघायलीय. उन्हाळ्यात आंब्याची, मग जांभळाची, थंडीत संत्र्याची अन् पेरूची. येडबा म्हणाला, डब्यावर चित्र काढलं म्हणून आत फळ येत नसतं. (आमचंही मत तेच.) भागवत म्हणाला, मामा, त्यातली चव तुमाला कळायची न्हाई.

झालं. उभ्या बाजारात दुधाचा एक घोट घेऊन, शेळी बाभळीच्या शेंगा खाऊन आली का लिंबाचा पाला, ते सांगणारा हा माणूस. (शेळीला कुणी विचारत नाही, म्हणून ते खरं धरतात.) त्याला हे बोलणं?

"डोळे बांध माजे," येडबा म्हणाला. "चारीच्या चारी वळखतो."

चुलीपुढनं भिवराबाई, त्याची बायको, बोलली, "अन् न्हाई वळखल्या तर?"

"तर तुज्या सैपाकाला जन्मात नावं ठेवणार न्हाई."

चाळीस वर्षं घरात दारूचा थेंब येऊ न देणारी ती बाई मुकाट उठली, दाराला कडी घातली आणि घरातला एकुलता एक काचेचा गलास घासून आणला.

डोळ्यावर पटक्याचं टोक बांधून येडबा बसला. पहिला घोट त्यानं दूध पारखतात तसा गालात घोळवला. फेस नाकात गेला. शिंकून झाल्यावर म्हणाला, "जांभूळ." होता आंबा. जांभळाला तो संत्रं म्हणाला. संत्र्याला पेरू म्हणाला, वर पेरूची बी दातात अडकल्याचंही सांगितलं. कुणी खरं-खोटं करेना, तसा त्याचा आवाज चढत गेला.

चौथा डबा पिशवीच्या तळाशी, मोटारसायकलवर सगळ्यात जास्त हिंदकळलेला. उघडला तसा सगळा भागवतच्या शर्टावर. तो तोंड उघडणार तोवर भिवराबाईनं गलास येडबाच्या हातात दिला.

येडबानं घोट घेतला. थांबला. परत घेतला.

"ही खरी. बाकीच्या तिन्ही ढोंगी. हिच्यात आंबा हाय, जांभूळ हाय, संत्रं बी हाय. करणारा माणूस जाणता हाय."

"मीच केली," भिवराबाई म्हणाली. "दर खेपेला गलास विसळलेलं पाणी हाय ते."

येडबानं पट्टी काढली, पण हार काही मानली नाही. तिन्ही फळं सांगितलीच की बिनचूक, खोटं काय त्यात? "अन् जिभेचं मला सांगू नगंस. चाळीस वर्षं तुज्या कालवणाला मीठ कमी असतं, ते कोन वळखतं?"

भिवराबाई भाकरी थापत राहिली. "तुमी म्हणता मीठ कमी. मी वाटी आत नेते, जरा थांबते, तशीच माघारी आणते. तुमी म्हणता, आता जमलं."

भागवतनं भिंतीकडं तोंड केलं.

थोड्या वेळानं मामा-भाचे जेवायला बसले. पहिल्याच घासाला येडबा थबकला. आज कालवणात मीठ खरंच नव्हतं, एक खडासुद्धा. बोलावं तर पैज, आणि बोलून ऐकणार कोण? त्यानं मान ताठ ठेवून ती वाटी संपवली आणि हट्टानं दुसरी मागून घेतली.

मग भिवराबाई स्वतः बसली. एक घास खाल्ला, तशीच उठली आणि मिठाचा डबा घेऊन आली. भागवतच्या वाटीत टाकलं, आपल्या वाटीत टाकलं. येडबानं हळूच आपली वाटी पुढं सरकवली.

"तुमाला कशाला?" ती डब्याला झाकण लावत म्हणाली. "तुमी दुसरी वाटी मागून घेतली की."