वर काही ठेवू नका

लॅपटॉप घरी आणायचं वेनलुंगनेच ठरवलं, त्यामुळे पुढचं सगळं त्याच्याच कपाळी आलं.

तैवानमधल्या शिंचू शहरातल्या एकाच कंपनीत तो यंत्रं थंड ठेवण्याचं काम करी आणि बायको पेईशान त्यांना रूप देई. चौदा महिने खपून तिने अवघ्या अकरा मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप घडवला होता. पण त्या सडपातळ अंगात वारा खेळेना. जरा काम दिलं की तापे आणि गोगलगाय होई. सोमवारच्या बैठकीत त्याने तग धरला नाही, तर जाडी दोन मिलिमीटरने वाढणार होती. शुक्रवारपासून पेईशान धड जेवली नव्हती, आणि वेनलुंगला ते बघवत नव्हतं. (देखणं आणि कामाचं एकत्र नांदत नाही, हे त्याचं जुनं मत. बायकोसमोर त्याने ते एकदाच मांडलं होतं.)

रविवारी त्याने पंखा बदलला, जेवणाच्या टेबलावर चार तासांची चाचणी लावली आणि सासूबाईंना बजावलं, "आई, झाकणावर काही ठेवायचं नाही. तुमची ती हिरवी पुडीसुद्धा नाही."

यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून मक्याच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी सासूबाई तिथल्या रीतीप्रमाणे फ्रिजवर ठेवत, वॉशिंग मशीनवर ठेवत, मुदत संपली की गुणही संपला म्हणून बदलत. (वेनलुंगच्या प्रयोगशाळेतही एक होती. घरी तो ते कबूल करत नसे.)

नवरा-बायको बाजार करून परतले, तर वेगाची रेघ चारही तास सरळ! पेईशान दोन वाट्या भात जेवली.

"पंखा कोणाचा?" वेनलुंगने तीनदा विचारलं.

सोमवारी मात्र अकराव्या मिनिटाला लॅपटॉपने मान टाकली.

"घरी चालला होता, साहेब!" वेनलुंग काकुळतीला आला.

"मग घरीच विका," बैठक घेणारे फांगसाहेब म्हणाले.

पेईशानने आईला फोन लावला. "आई, काल लॅपटॉपवर काही ठेवलं होतंस?"

"वर नाही गं! आ-लुंग नको म्हणाला ना. म्हणून मागच्या कडेखाली सरकवली. काम संपल्याची घंटी वाजली, काढून घेतली."

पेईशानने टेबलावरची दोन खोडरबरं मागच्या कडेखाली सारली. खालून वारा मिळाला, पंख्याचा आक्रोश थांबला, वेग वर आला आणि तिथेच टिकला. तिचे डोळे भरून आले.

"मागे रबरी पट्टी लावा. अंग अकराच राहू दे," फांगसाहेब म्हणाले. "कल्पना कोणाची लिहू?"

वेनलुंगने घसा खाकरला.

"माझ्या आईची," पेईशान म्हणाली.

संध्याकाळी तो जेवायला बसायला गेला, तर खुर्चीवर हिरवी पुडी.

"ही इथे कशाला, आई?"

"लॅपटॉप बिचारा गुणीच होता रे," सासूबाई भात वाढत गंभीरपणे म्हणाल्या. "तुझ्यासाठी दुकानातली सगळ्यांत लांबच्या मुदतीची शोधून आणलीय."