पीटर सरांचं घरचं इंग्रजी

पीटर सर कोंबड्यांच्या खुराड्यामागे पाटावर बसून इंग्रजी शब्द पाठ करत होते आणि त्यांच्या बायकोनं, फिलोमिनानं, त्यांना मुद्देमालासह पकडलं. मुद्देमाल म्हणजे कानात वायर, हातात मोबाईल आणि मोबाईलवर कुठल्याशा क्लासची एक तरुण मुलगी. ती फळ्यावर लिहून सांगत होती की 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश.

फिलोमिनानं आधी त्या मुलीकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं. अंडी काढायला आलेल्या बाईला खुराड्यामागं नवरा सापडावा ही काही रोजची गोष्ट नव्हे.

"घरात काय जागा न्हाई व्हय?"

"हळू बोल. कुनी ऐकंल."

"ऐकलं तर ऐकलं. मास्तर मानूस अभ्यास करतोय म्हनतील."

"इंग्रजीचा अभ्यास करतोय म्हनतील," सर म्हणाले, "मग गावात तोंड कुठं दाखवू?"

फिलोमिनाला हे समजावून सांगायची गरज नव्हती, पण वाचकांना आहे. पीटर सर मिरजगावच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर शिक्षक होते. नोकरीला लागले तेव्हाच गावानं ठरवून टाकलं होतं की, मास्तर ख्रिश्चन, नाव पीटर, म्हणजे इंग्रजी ह्यांच्या घरचंच. वास्तविक सरांच्या पणजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांना भाषा काही बदलून मिळाली नव्हती. घरात प्रार्थना मराठीत, चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गाणी मराठीत आणि नवरा-बायकोचं भांडण तर शुद्ध कर्जत तालुक्यातलं. सरांनी सुरुवातीला दोनदा स्पष्ट सांगितलंही की आपलं इंग्रजी बेताचंच आहे. लोक म्हणाले, बघा, केवढा नम्रपणा. तिसऱ्यांदा सांगायचं सरांनी सोडून दिलं, कारण तोवर त्यांनाही ते ऐकायला बरं वाटायला लागलं होतं.

तेव्हापासून गावात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद सरांच्या दारात येऊ लागला. सर तो लांब धरत, चष्मा वर-खाली करत आणि म्हणत, "सावलीत ठेवा, आन् ल्हान पोरांच्या हाताला लागू देऊ नका." औषधाच्या बाटलीला हे लागू पडलं, पाण्याच्या मोटारीला लागू पडलं आणि एकदा विमा कंपनीच्या पत्रालाही लागू पडलं. कुणाचं वाईट झालं नाही. उलट एकदा हिवरे बाजारला पाण्याचं काम बघायला एक गोरा पाहुणा आला, तेव्हा गावचे पुढारी आप्पासाहेब खास जीप करून सरांना घेऊन गेले. सरांनी बंधाऱ्याकडं बोट करून 'व्हेरी गुड वॉटर' म्हटलं. पाहुण्यानं 'व्हेरी व्हेरी गुड' म्हणून त्यांचा हात दाबला. तो पाहुणा जर्मन होता आणि त्याचंही इंग्रजी सरांइतकंच होतं, हे फक्त त्या दोघांना कळलं. गावाला कळलं ते एवढंच की आपल्या सरांनी साहेबाला दोन शब्दांत गार केलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वरून फर्मान आलं. आधीपासून नोकरीत असलेल्या शिक्षकांनीही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करायची, दिलेल्या मुदतीत, नाहीतर घरी बसायचं. सरांचं गणित चांगलं होतं, मराठी उत्तम होतं. पण पेपरात इंग्रजीचाही भाग होता. त्यात शब्दांचे अर्थ होते आणि एक भला मोठा उतारा वाचून त्याखालचे प्रश्न सोडवायचे होते. बाकीच्या विषयांत कितीही ओढाताण केली तरी इंग्रजीनं हात दिल्याशिवाय गाडी पार होणार नव्हती. नोकरी गेली तर घर चालणार नव्हतं, आणि इंग्रजी शिकताना सापडले तर इज्जत राहणार नव्हती. म्हणून खुराडं.

सरांचा बेत तसा चांगला होता. रोज सकाळी कोंबड्यांच्या साक्षीनं थोडे शब्द, संध्याकाळी एक उतारा, आणि कुणाला पत्ता लागायच्या आत परीक्षा पास. पण शाळेचे मुख्याध्यापक कारभारी गुरुजी ह्यांना कुणाचाही चांगला बेत पाहवत नसे. गुरुजी निवृत्तीला टेकलेले असल्यामुळं परीक्षेतून सुटले होते आणि म्हणून दुसऱ्यांच्या परीक्षेबद्दल त्यांना फार उत्साह होता. आजूबाजूच्या शाळांचं मिळून जे केंद्र होतं, त्यातल्या शिक्षकांची बैठक भरली तेव्हा ते उठून म्हणाले की, आपल्याकडं पीटर सर असताना कुणी नगरला जाऊन क्लास लावायचं कारण नाही, शाळा सुटल्यावर सरच आपल्याला इंग्रजी शिकवतील. टाळ्या पडल्या. सर नाही म्हणायला उभे राहिले. टाळ्या सुरू असताना उभं राहिलेल्या माणसाला लोक आभार मानतोय असंच समजतात, हे त्यांना फार उशिरा कळलं.

क्लास सुरू झाला. पाचवीच्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे मुडपून, चाळिशी ओलांडलेले मास्तर आणि मास्तरणी बसू लागल्या. पुढच्या बाकावर राजेश्वरी मॅडम. शेजारच्या वस्तीशाळेवर एकटीनं चार वर्ग सांभाळणारी बाई. शेवटच्या बाकावर आदिनाथ सर, ज्यांना इंग्रजी म्हटलं की जांभई येई. सकाळी खुराड्यामागं जे शिकायचं ते संध्याकाळी वर्गात ओतायचं, असा सरांचा व्यवहार होता. पण शिक्षकांना प्रश्न विचारायची वाईट खोड असते. पहिल्याच दिवशी राजेश्वरी मॅडमनी एक शब्द विचारला, जो मोबाईलवरच्या मुलीनं अजून घेतला नव्हता.

सरांनी खडू खाली ठेवला, हात मागे बांधले आणि हसून विचारलं, "तुमाला काय वाटतं?"

मॅडमनी अंदाज सांगितला. सर म्हणाले, उद्या शोधून आणा आणि सगळ्यांना समजावून सांगा. केंद्रात ह्याची केवढी चर्चा झाली. ट्रेनिंगमध्ये वर्षानुवर्षं ऐकलेला ज्ञानरचनावाद, म्हणजे शिकणाऱ्यानं आपलं ज्ञान आपणच रचायचं, तो पहिल्यांदा कुणीतरी खरोखर वापरत होतं. सरांना ती पद्धत भलतीच मानवली. जो शब्द अडेल तो विद्यार्थ्यावर सोडायचा. विद्यार्थी घरी जाऊन डिक्शनऱ्या धुंडाळू लागले, जाता-येता गाडीवर एकमेकांना शब्द विचारू लागले. आदिनाथ सरांची जांभई बंद झाली. लांबच्या केंद्रांवरूनही लोक येऊ लागले. आलेल्यांना चहा पाजता पाजता आणि त्यांच्या शंका त्यांच्याच गळ्यात घालता घालता पीटर सरांचा स्वतःचा अभ्यास तेवढा राहून जाऊ लागला. मोबाईलवरची मुलगी पुढं निघून गेली आणि सर रिलक्टंटपाशीच राहिले.

"आजून येळ हाय," फिलोमिना म्हणाली. "सांगून टाका."

"आता कसं सांगू? लोकं इतक्या वर्सांचे सगळे कागद परत घिऊन येतील."

मग कारभारी गुरुजींनी सराव परीक्षा काढली. पेपर सरांनी काढायचा, सरांनीच तपासायचा. सरांनी नगरहून जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक गाईड आणलं आणि त्यातला पेपर जसाच्या तसा दिला. तपासायला बसले तेव्हा कळलं की मागची उत्तरांची पानंच नाहीत. आधीच्या मालकानं मोह होऊ नये म्हणून ती फाडून टाकली असावीत. प्रामाणिक माणसाचा त्रास हा असा होतो.

उतारा समुद्रातल्या एका दीपस्तंभावर काम करणाऱ्या माणसाचा होता. प्रश्न होता, त्यानं नोकरी का सोडली. सरांनी उतारा तीनदा वाचला आणि शेवटी ग्रामसभेचा मार्ग धरला. बहुमत जिकडं, उत्तर तिकडं. बाकी सगळ्या वर्गानं 'पगार कमी होता' हा पर्याय निवडला होता. एकट्या राजेश्वरी मॅडमनी 'एकटेपणा' निवडला. सरांनी त्यांना चूक दिली.

दुसऱ्या दिवशी मॅडम पेपर घेऊन टेबलापाशी आल्या आणि उताऱ्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. सरांनी ती ओळ वाचली. ओळीत माणूस कुणाशीतरी बोलायला तरसलेला होता. पगाराचा उल्लेख आख्ख्या उताऱ्यात कुठंही नव्हता. दरदरून घाम फुटलेल्या माणसाला कधी कधी फार सुरेख सुचतं. सर वर्गाकडं वळून म्हणाले, "मी हेच बगत हुतो. सगळे एका बाजूला गेले तरी उतारा न सोडनारं कोन हाय. ह्या एकट्या मॅडम."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. राजेश्वरी मॅडमनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी सरांकडं जरा जास्त वेळ पाहिलं, मग सरांच्या खिशातला लाल पेन मागून घेऊन स्वतःचा गुण स्वतःच वाढवला आणि जागेवर जाऊन बसल्या.

परीक्षा नगरला झाली. आदिनाथ सरांच्या गाडीतून सगळे एकत्र गेले. इंग्रजीचा उतारा आला तेव्हा पीटर सरांनी सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. डावीकडं अनोळखी माणूस, उजवीकडं अनोळखी बाई, आणि बहुमत घ्यायला कुणीच नाही. प्रश्नाला 'तुमाला काय वाटतं' असं विचारायची सोय पेपरात नव्हती. सरांनी देवाचं नाव घेऊन उत्तरपत्रिकेतले गोल रंगवले. देवानं त्यात लक्ष घातलं नसावं. बाहेर आल्यावर आदिनाथ सरांनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "सर, सगळं तुमच्या क्लासातलंच आलं." सर म्हणाले, येणारच.

निकाल लागला आणि क्लासातले सगळे पास झाले. राजेश्वरी मॅडम तर केंद्रात पहिल्या. आदिनाथ सर पास झाले म्हणून त्यांच्या सासुरवाडीनं बोकड कापला. पीटर सर थोडक्या गुणांनी नापास झाले, आणि ते सगळे गुण इंग्रजीतले होते. मुदतीत आता एकच संधी उरली होती.  फिलोमिनानं चहा पुढं ठेवला आणि नवऱ्याशेजारी नुसती बसून राहिली. सरांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

इकडं कारभारी गुरुजींनी सरांचा सत्कार ठरवून टाकला होता. सरांचा निकाल बघावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. सूर्य उगवला का हे कोण तपासून बघतं? शाळेच्या मैदानात मांडव, खुर्च्या, माईक. आप्पासाहेबांनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला, शाल-नारळ दिला. सर बोलायला उभे राहिले. समोर सगळं गाव, आणि मागच्या रांगेत फिलोमिना. सरांनी ठरवलं की आता बास.

"मी नापास झालोय," ते माईकवर म्हणाले. "इंग्रजीत. मला इंग्रजी येत न्हाई. पयल्यापासूनच येत नव्हतं."

 सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. आता कुणी हसो, कुणी शिव्या देवो, असं त्यांना मनापासून वाटलं. तेवढ्यात आप्पासाहेबांनी शांतपणे माईक आपल्याकडं ओढला.

"ह्याला म्हनत्यात मोठेपना," ते म्हणाले. "ज्याच्या हाताखाली सगळं केंद्र पास झालं, त्यो नापास? मंडळी, पेपर तपासनाराला इंग्रजी येत नसंल."

मैदान टाळ्यांनी दणाणलं. सर नाही नाही म्हणत हात हलवत राहिले, तसतशा टाळ्या वाढत गेल्या. फेरतपासणीची मागणी करायचा ठराव तिथल्या तिथं झाला. कारभारी गुरुजी कानाशी येऊन म्हणाले, "अर्ज तुमीच लिवा, सर. इंग्रजीत. मराठी अर्जाला कोन इचारतं?" इतकी वर्षं सरांचं खोटं गावानं हातोहात घेतलं होतं. आज खरं फुकट वाटायला काढलं तर एकही गिऱ्हाईक मिळेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर पाचवीच्या रिकाम्या वर्गात कोरा कागद घेऊन बसले. 'टू' एवढं लिहून झालं होतं. दारात राजेश्वरी मॅडम येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात नवं कोरं गाईड होतं आणि काखेत जाडजूड डिक्शनरी.

"काल तुमी माईकवर बोलला ते मला पटलं," त्या म्हणाल्या. "मला तर त्या दीपस्तंभाच्या दिवशीच कळलं हुतं."

सरांचे कान तापले. "मंग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर क्लास बंद पडला असता. तुमी काय सांगत नव्हता म्हनून तर आमी शोधत हुतो. सांगनारा मास्तर मिळाला असता तर आमी नापास झालो असतो, सर."

ही स्तुती होती की चापट, हे सरांना कळलं नाही. बहुधा दोन्ही होतं. मॅडमनी अर्जाचा कागद बाजूला सारला, गाईड उघडलं आणि त्यांना बाकावर बसायची खूण केली. सर गुडघे मुडपून बसले. पहिलाच उतारा, दुसरीच ओळ, आणि एक शब्द आडवा आला. सरांनी इकडंतिकडं पाहिलं. खिडकीतून कुणी बघत नव्हतं. घसा खाकरून त्यांनी नोकरीला लागल्यापासून कुणालाही न विचारलेला प्रश्न विचारला.

"मॅडम, ह्याचा अर्थ काय हो?"

मॅडमनी शब्द वाचला. पुन्हा वाचला. मग मान हलवली.

"मला न्हाई माहीत," त्या म्हणाल्या.

पीटर सर त्यांच्याकडं बघतच राहिले. केंद्रात पहिली आलेली बाई, आणि तिनं हे असं म्हटलं, जसं कुणी पाणी मागावं. तिची मान खाली गेली नाही, की कौलं अंगावर कोसळली नाहीत. बाहेर हापशावर बायका भांडत होत्या, त्याही थांबल्या नाहीत. एवढं सोपं वाक्य, तेही मराठीत, आणि त्याच्यापायी आपण जन्मभर लोकांची औषधं सावलीत ठेवत बसलो.

"मलाबी न्हाई माहीत," सर म्हणाले. सवय नसल्यामुळं आवाज जरा मोठाच निघाला.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी डिक्शनरी दोघांच्या मधे ठेवली आणि विचारलं की पहिलं अक्षर कोणतं आहे. सरांनी वाकून बघितलं आणि ते सांगितलं.